राखलेला माळ

गुंडाप्पा माळ मागायला आले तेव्हा सुधारानी अंगणात माती चाळत बसली होती.

निंबर्गा गावच्या गायरानातला तो माळ पूर्वी नुसता मुरमाचा होता. सुधारानीच्या लहानपणी तिथं तरवड आणि बोरीची झुडपं सोडली तर काही उगवत नव्हतं. ती बारावीत असताना पंचायतीनं आणि एका संस्थेनं मिळून माळाला तारेचं कुंपण घातलं, उतारावर चर खणले, कडुनिंब, अंजन, हिवर, पळस, करंज लावले आणि गुराढोरांना बंदी केली. आता तिथं सावली होती. झाडांखाली पाचोळ्याचा थर होता, आणि मधल्या मोकळ्या जागांत कमरेइतकं मारवेल गवत उन्हानं पिवळं पडून उभं होतं.

सुधारानी गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात शिकवायची आणि बंगळूरच्या एका संशोधन संस्थेसाठी या माळाचा अभ्यास करायची. झाडं हवेतला कार्बन ओढून घेतात. पानं गळतात, मुळं कुजतात, आणि त्यातला थोडा कार्बन मातीत मुरून राहतो. किती मुरतो, किती खोल जातो, हे या भागात कुणी नीट मोजलं नव्हतं. एका बाजूला चिंचोळीच्या जुन्या जंगलातली माती आणि दुसऱ्या बाजूला माणसांनी पुन्हा उभं केलेलं हे रान, अशी तिची तुलना चालली होती. दरवर्षी मे महिन्यात ती गिरमिट घेऊन यायची आणि ठरलेल्या जागांवरून माती काढायची. हे शेवटचं वर्ष होतं. आज ती फक्त गेल्या वर्षीची उरलेली माती पुन्हा चाळून बघत होती.

फाटकाची किल्ली तिच्या वडिलांकडे, अण्णारावांकडे असायची, कारण त्यांचं शेत माळाला लागून होतं. पण माळ कुणासाठी उघडायचा आणि कुणासाठी नाही, हे पंचायतीनं सुधारानीवर सोपवलं होतं. गावचीच पोरगी, त्यातून शिकलेली. कुणी हरकत घेतली नव्हती.

"काय करायलीस पोरी?" गुंडाप्पांनी विचारलं.

"माती चाळायलेय मामा. बसा की."

"बसत न्हाई. मेंढरं वड्यात सोडून आलोय. बाणू हाय तिथं."

गुंडाप्पा दोन घरं पलीकडे राहायचे. त्यांच्या भावकीतल्या बाकीच्यांनी मेंढरं विकून कधीच गुलबर्ग्याची, सोलापूरची वाट धरली होती. कुणी बांधकामावर, कुणी डाळ मिलमध्ये. गुंडाप्पा आणि त्यांची बायको बाणूबाई मेंढरांना धरून राहिले. सुगी झाली की त्यांची मेंढरं खतासाठी काही दिवस अण्णारावांच्या शेतात बसायला असायची, आणि लहानपणी सुधारानी शाळा बुडवून कोकरं मांडीवर घ्यायला तिथं जायची. दोन्ही घरांचं नातं रक्ताचं नव्हतं, पण ती त्यांना मामा-मामीच म्हणायची.

त्या साली पाऊस झालाच नव्हता म्हटलं तरी चाललं असतं. तूर फुलात वाळली, ज्वारी गुडघ्यावर येऊन थांबली, कडबा कुणाकडेच नव्हता, ओढाही आटला होता.

"वड्यात आता काय राहिलं न्हाई," गुंडाप्पा म्हणाले. "बाभळीच्या शेंगा सुदीक संपल्या. तुझ्या माळात गवत हुबंच वाळायलंय. काही दिस सोडू का, असं इचारायला आलो."

सुधारानीनं चाळणी खाली ठेवली. "मामा, मे संपूस्तवर थांबा. शेवटचे नमुने निघाले की मी स्वतः फाटक उघडून देते."

"मे म्हंजे आजून लई दिस हायत."

"मेंढरं फिरली की माती दबती, लेंड्या पडत्यात. सगळे आकडे बदलतात. इतक्या वर्षांचं काम हाय."

"लेंड्यांनी माती बिघडती व्हय?"

"बिघडत न्हाई मामा. बदलती."

गुंडाप्पांनी चाळणीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "बरं. तुझं काम हाय ते. तुला कळतं." ते तांब्याभर पाणी प्याले आणि निघून गेले.

अण्णाराव दारातून हे ऐकत होते. "एखादा कोपरा द्यावा का त्यांना?" ते म्हणाले. "किल्ली हाय माझ्यापशी."

"नको अप्पा. एकाला सोडलं की सगळे मागतील."

अण्णारावांनी पुन्हा विचारलं नाही. सुधारानी चाळायला लागली, पण तिचं लक्ष लागेना. माती काढायच्या जागांभोवती तार ओढून बाकीचा माळ मोकळा ठेवता आला असता. निदान बंगळूरच्या संस्थेतल्या सरांना एक फोन करून विचारता आलं असतं. सर कामात कडक होते. मागं एकदा तिनं मापं घ्यायची जागा न विचारता बदलली होती, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. शिवाय तार आणायची, माणसं लावायची, नकाशा पुन्हा करायचा, आणि कॉलेजच्या परीक्षा तोंडावर आलेल्या. तिनं तो विचार बाजूला सारला. चाळणीत राहिलेले खडे तिनं कुंपणाकडे भिरकावले आणि संध्याकाळच्या बसची तयारी करायला उठली.

त्यानंतर काही दिवसांनी गुंडाप्पा आणि बाणूबाई मेंढरं घेऊन दक्षिणेकडे निघाले. करजगीकडे भीमेच्या डोहात अजून पाणी होतं, आणि उसाचं वाढं मिळतंय असं त्यांच्या कानावर आलं होतं. सुधारानीनं त्यांना बसच्या खिडकीतून पाहिलं. रस्त्याच्या कडेनं धुरळ्यात मेंढरं चालली होती, पुढं मामा, मागं डोक्यावर गाठोडं घेतलेली मामी. सुधारानीनं हात केला. मामीनं पाहिलं की नाही ते तिला कळलं नाही. बस पुढं गेली.

अण्णारावांचा फोन आला तेव्हा ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती.

"गुंडाप्पाची मेंढरं गेली," ते म्हणाले.

"चोरीला?"

"मेली. करजगीच्या अलीकडं. ज्वारीच्या धसकटाला पाणी मिळून कोवळे फुटवे आले होते. त्यात घुसली."

पावसाच्या ताणावर खुरटलेल्या ज्वारीचा कोवळा फुटवा जनावरांना विष असतो, हे त्या मुलखात पोरासोरांनाही ठाऊक असतं. गुंडाप्पांना ठाऊक नव्हतं असं होणंच शक्य नव्हतं.

"किती राहिली अप्पा?"

"मागं राहिलेली लंगडी, म्हातारी, तेवढी वाचली. बाकी काय न्हाई."

सुधारानीनं फोन ठेवला. तिच्यासमोर भट्टीत माती भरलेल्या मुशी तापत होत्या. तिनं त्या वेळेवर बाहेर काढल्या, थंड व्हायला ठेवल्या, त्यांचं वजन केलं. मग खोलीवर जाऊन ती भिंतीला टेकून बसली.

भेटायला जायला हवं होतं. परीक्षा आहेत, असं तिनं अण्णारावांना सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. मे उजाडला तेव्हा ती गावी आली, पण बसथांब्यावरून नेहमीच्या गल्लीनं न जाता विहिरीकडच्या वाटेनं घरी गेली. त्या वाटेवर गुंडाप्पांचं घर लागत नव्हतं.

माती काढण्यासाठी काही ठिकाणी छातीइतके खोल खड्डे घ्यावे लागत. त्यासाठी माणसं अण्णाराव बघायचे. सकाळी ती फाटकाशी पोचली तेव्हा तीन गडी आधीच येऊन बसले होते. त्यातले एक गुंडाप्पा होते. शेजारी टिकाव ठेवलेला होता.

"मामा, तुम्ही कामून आलाव?"

"कामाला आलो." ते उठले. "अण्णारावाला मीच म्हणलो, मला बी बोलीव. घरी बसून काय करू? दाव पोरी, कुठं खणायचं?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. अण्णारावांनी मान दुसरीकडे वळवली.

गवतातून वाट काढत ती त्यांना आत घेऊन गेली. गवत अजून तसंच उभं होतं, चालताना कमरेला घासत होतं, आणि कुसळं साडीला चिकटत होती. गुंडाप्पांनी चालता चालता एका ठोंबाचं वाळलं पातं तोडलं, दाताखाली धरून चावलं आणि थुंकून दिलं. सुधारानी पुढं चालत होती, तरी तिनं ते पाहिलं होतं.

अंजनाखाली तिनं खुणेचा खुंटा दाखवला. गुंडाप्पा खणायला लागले. त्यांना या कामाची सवय नव्हती. टिकाव मुरमावर आपटून हाताला झिणझिण्या येत होत्या, तरी ते थांबत नव्हते. वरचा थर काळसर आणि भुसभुशीत होता, त्यात बारीक मुळांचं जाळं होतं. खाली तांबूस मुरूम. सुधारानी खड्ड्याच्या काठावर बसून प्रत्येक थरातली माती पिशव्यांत भरत होती. दरवर्षी हा काळा थर जरासा जाड झालेला दिसला की तिला आनंद व्हायचा. यंदाही तो जाड झाला होता. खड्ड्यातून गुंडाप्पांच्या धापा ऐकू येत होत्या.

"मामा, जरा वर या. पाणी प्या."

"हुंदे पुरा एवढा."

दुपारी बाणूबाई भाकरी घेऊन आली. बाकीचे दोघं गडी फाटकाशी जेवायला गेले होते. अंजनाच्या सावलीत तिघंच बसली. बाणूबाईनं फडकं सोडलं, नवऱ्याच्या हातावर भाकरी ठेवली, तिच्यावर ठेचा, आणि मग न विचारता सुधारानीच्या हातावरही अर्धी भाकरी ठेवली. ती खायची कशी हे सुधारानीला कळेना.

"मामी," ती म्हणाली, "मी यायला पायजे होते तवाच."

"व्हय," बाणूबाई म्हणाली. "यायला पायजे होतीस."

मग कुणी विचारलं नसताना तीच सांगू लागली. "पाणी पाजून वर आलो आमी. बांधापल्याड हिरवं दिसलं मेंढरांना. किती म्हैन्यानं हिरवं बघितलं असंल त्यांनी. हे म्होरं पळाले आडवायला, मी मागनं. काठ्या हाणल्या, दगडं मारली. ऐकंनात. उपाशी जीव कुणाचं ऐकतोय. मंग एकेक पडायलं. तोंडाला फेस, पाय झाडायचं की संपलं. हे बांधावर हुबे होते, तिथंच खाली बसले. डाक्टर आला तवर काय राहिलं नव्हतं."

"बाणू, जेवू दे की तिला," गुंडाप्पा म्हणाले.

"जेवू दे की. मी कुठं हात धरलाय?" बाणूबाईनं सुधारानीकडे पाहिलं. "तू न्हाई म्हणलीस, त्याचा मला राग न्हाई. तुझं काम होतं. पर तू एक डाव वड्यात यायची होतीस गं. वडा काय लांब हाय तुमच्या घरापसनं? त्यांच्या बरगड्या बघायच्या आन् मंग न्हाई म्हणायचं. तू बसल्या जागी न्हाई म्हणलीस."

"तिला काय ठाऊक," गुंडाप्पा म्हणाले. "साल वाईट होतं. कुणाचा दोष न्हाई त्यात. तिचा इलाज नव्हता."

सुधारानीनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला. तो गिळेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

नमुने गुलबर्ग्याला गेले. वाळवणं, चाळणं, जाळणं, वजन करणं, सगळं झालं. निकाल चांगले आले. झाडांखालच्या मातीतला कार्बन सतत वाढत होता. चिंचोळीच्या जुन्या जंगलाच्या मानानं तो कमीच होता, पण ज्या मुरमावरून सुरुवात झाली होती त्याच्या मानानं पुष्कळ. बंगळूरहून सरांचा फोन आला. ते क्वचितच खूश व्हायचे, आज होते. शोधनिबंध लिहायला घे, म्हणाले. आणि फोन ठेवण्याआधी सहज म्हणाले, "एक उणीव राहिली बघ. चराईचा भाग. त्याच रानात, त्याच झाडांखाली मेंढरं चरलेली माती हाती असती तर तुलना पुरी झाली असती. तशी जागा कुठं मिळते का बघ."

सुधारानी खुर्चीतून उठून उभी राहिली. "सर, माळाचा अर्धा भाग उन्हाळ्यात चरायला सोडला असता तर?"

"मग काय हवं होतं? नमुन्यांच्या जागांभोवती तार ओढायची आणि बाकीचं सोडायचं. कुणी मागितला होता का?"

"हो."

"मग विचारलं का नाहीस?"

सर म्हणाले, असू दे, पुढच्या वर्षी कर. त्यांच्या लेखी ते तेवढंच होतं.

तोपर्यंत त्या टोचणीत तिला एक आधार होता. काम मोठं होतं, नियम होते, तिचा इलाज नव्हता. मामांनीच तसं म्हटलं होतं. आता तो आधार राहिला नाही. इलाज होता. एका फोनवर होता. आणि तो तिच्या मनात त्याच दिवशी, चाळणी हातात असताना येऊन गेला होता.

पुढच्या रविवारी तिनं घरी जाऊन अण्णारावांना सगळं सांगितलं. ते बैलाच्या गोठ्यात शेण ओढत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता सांगून काय हुणार?"

"त्यांना वाटतंय दुसरी वाटच नव्हती."

"मंग तसंच वाटू दे की. माणूस कशाला तरी धरून ऱ्हातो."

"मला त्यांच्या तोंडाकडं बघता येईना अप्पा."

"म्हंजे तुला सुटायचंय," अण्णाराव म्हणाले. ते रागावून बोलले नव्हते. "जा. तुझ्या मनाला येईल ते कर. मी बी तवा किल्ली देऊन टाकायला पायजे होती. मी तरी कुठं दिली."

ती गेली. गुंडाप्पा अंगणात वाचलेल्या मेंढरांपुढं कडुनिंबाचा पाला टाकत होते. बाणूबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. सुधारानी पायरीवर बसली आणि इकडचं तिकडचं न बोलता तिनं सांगून टाकलं. सर काय म्हणाले ते, आणि तिनं तेव्हा विचारलंच नव्हतं तेही.

गुंडाप्पांच्या हातातली डहाळी तशीच राहिली. "म्हंजे सोडता आली असती मेंढरं?"

"व्हय मामा."

"तवाच?"

"तवाच. अर्ध्या माळात. कुणाचं काय बिघडलं नसतं. उलट कामाला आलं असतं."

"मंग इचारलं कामून न्हाईस?"

"सर रागावतील म्हणून भ्याले." ती थांबली. "आन् मला काम वाढवायचं नव्हतं. परीक्षा होत्या. तार बीर आणायची, नकाशा करायचा, ते नको वाटलं."

गुंडाप्पांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर तिला सोपं गेलं असतं. ते काहीतरी जुळवत असल्यासारखे दिसत होते, करजगीचा रस्ता, तो बांध, ते हिरवं. मग त्यांनी डहाळी खाली टाकली, कोपऱ्यातली काठी घेतली आणि कुणाकडे न बघता बाहेर पडले. मेंढरं त्यांच्या मागं दोन पावलं गेली आणि पाल्याकडे परत आली.

बाणूबाईनं सूप बाजूला ठेवलं. "इतके दिस हे म्हणायचे, साल वाईट होतं, कुणाचा दोष न्हाई. तेवढं म्हणून झोपायचे. आता काय म्हणून झोपतील?"

"खोटं ठेवायचं होतं का मामी?"

"मी तसं कुठं म्हणलं?" ती म्हणाली. "तुला हलकं वाटलं असंल. बरं झालं. जा आता."

तिला हलकं वाटलं नव्हतं. ते मामीला सांगण्यात अर्थ नव्हता.

गुंडाप्पा पुन्हा अण्णारावांच्या कामाला आले नाहीत. अण्णाराव एकदा त्यांच्याकडे जाऊन आले, मेंढरं घ्यायला हातभार लावतो म्हणाले. गुंडाप्पांनी चहा पाजला आणि नको म्हणून सांगितलं. पावसाळ्यात एकदा सुधारानीची आणि त्यांची गिरणीजवळच्या बोळात गाठ पडली. डोक्यावर घोंगडं घेऊन ते समोरून येत होते. ती भिंतीला सरकून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, बरे हाव का?"

"बराय, म्याडम," ते म्हणाले. "तुम्ही या, पाणी साचलंय तिकडं."

तिच्या जन्मापासून त्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

दसरा झाल्यावर पंचायतीची बैठक होती. सुधारानीनं त्या दिवशी कॉलेजातून रजा घेतली. संस्थेचा माणूस आला होता, गावातले मेंढपाळ आले होते, गुंडाप्पा मागं खांबाला टेकून बसले होते. तिनं आधी माळाच्या मातीचं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं; माती सुधारली याचं काहींना कौतुकही वाटलं. मग ती म्हणाली, "गेल्या उन्हाळ्यात गुंडामामांनी माळ मागितला होता. मी न्हाई म्हणले. न्हाई म्हणायची काही गरज नव्हती. मी वरच्या लोकांना इचारलं न्हाई, माझ्या मनानं सांगितलं. त्यामुळं त्यांना मेंढरं करजगीकडं न्यावी लागली, आन् तिथं ती मेली."

एक म्हातारा खाकरला. संस्थेचा माणूस तिच्याकडे, मग सरपंचांकडे बघू लागला. तिनं पुढचं सांगितलं. होळीनंतर पाऊस पडेपर्यंत माळाचा अर्धा भाग मेंढरांना मोकळा असावा, त्या भागाची किल्ली मेंढपाळांनीच ठेवावी, आणि मधे ओढायच्या तारेचं ती बघेल. संस्थेच्या माणसानं कोवळ्या झाडांची काळजी बोलून दाखवली. त्यावर चर्चा झाली, आवाज चढले, एकाला दुसऱ्याच्या शेळ्या नको होत्या. शेवटी शेळ्या वगळून फक्त मेंढरांपुरतं मान्य झालं. सुधारानीनं मागं पाहिलं तेव्हा खांबाजवळ कुणी नव्हतं. गुंडाप्पा केव्हा उठून गेले ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

होळी झाली आणि माळ उघडला. दोन कळप आत चरायला लागले. गुंडाप्पांची थोडी मेंढरं मात्र ओढ्यातच दिसायची. त्या साली पाऊस बरा झाला होता, ओढ्यात चारा होता, त्यांना माळाची तशी गरजही नव्हती. सुधारानी दर शनिवारी येऊन माती काढत होती आणि फाटकाकडे बघत होती. मेंढरं चरल्यानं कार्बन वाढेल की घटेल हे दोन-तीन वर्षांशिवाय कळणार नव्हतं. आधी तिला अशा वाट बघण्याची घाई असायची. आता नव्हती.

एप्रिल सरता सरता ओढा आटला आणि एका सकाळी बाणूबाई मेंढरं घेऊन फाटकातून आत आली. सुधारानीला पाहून ती थांबली, "गवत बरं हाय," म्हणाली आणि मेंढरं पळसांकडे वळवून निघून गेली. त्यानंतर कधी ती यायची, कधी गुंडाप्पा. गुंडाप्पा आले की हिवराखाली बसायचे. सुधारानी समोरून गेली तर मान हलवायचे.

मे महिन्यात ती पळसांच्या बाजूला माती काढत होती तेव्हा त्यांची हाक ऐकू आली. हाक तिला नव्हती, कुणालाही होती. एका मेंढीच्या खुरात हिवराचा काटा खोल गेला होता आणि ती उधळत होती. एका हातानं तिला दाबून दुसऱ्यानं काटा काढणं गुंडाप्पांना जमत नव्हतं. सुधारानी गिरमिट टाकून धावली.

"मान धर," ते म्हणाले. "घट्ट धर गं. गुडघा दे तिच्या अंगावर."

तिनं मेंढीची मान काखेत घेतली आणि गुडघ्यानं तिला जमिनीवर दाबलं. मेंढीचं काळीज तिच्या मांडीखाली धडधडत होतं. गुंडाप्पांनी नखानं खुराची फट उघडली, चिमटा लावला, एकदा निसटला, पुन्हा लावला आणि काटा उपटून काढला. मागोमाग पू आणि रक्त आलं. त्यांनी ते पिळून काढलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"सोड आता."

तिनं सोडलं. मेंढी तीन पायांवर उठली, चौथा टेकवून बघितला आणि लंगडत कळपात गेली. दोघंही तिच्याकडे बघत बसून राहिले. सुधारानीला बोलावंसं वाटलं, पण जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं आणि त्यानं काही भरून आलं नव्हतं.

गुंडाप्पांनी चिमटा कनवटीला लावला आणि काठी टेकून उठले. "झालं, म्याडम," ते म्हणाले. "जावा तुम्ही. तुमचं काम राहिलंय."

ती उठली. हाताला लोकरीचा आणि पुवाचा वास येत होता. पळसाखाली जाऊन तिनं गिरमिट पुन्हा खुणेच्या जागी रोवलं आणि फिरवायला लागली. मेंढरांच्या खुरांनी वरची माती यंदा घट्ट झाली होती. गिरमिट आत जाईना, म्हणून तिनं अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.